विज्ञान आणि वाचन : प्राथमिक वर्गात दोन्हींची सांगड

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्षक नाही आणि शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. मी बँकेत लिपिक आहे आणि माझी पदवी कला शाखेची आहे. तेव्हा विज्ञान शिकवण्याबद्दल बोलण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला, असे आपणास वाटणे साहजिक आहे. अधिकार नाही, पण अनुभव आहे. आणि तो अनुभव विज्ञान न समजल्याचा आहे. ज्याला पोहता येते तो पाण्याबद्दल बोलतो तसा ज्याने गटांगळ्या खाल्ल्या तोही बोलू शकतो. म्हणून संयोजकांनी आग्रह केला तेव्हा मी हो म्हटले.

मी पाचवीत होतो तेव्हाची गोष्ट. विज्ञानाच्या धड्यात ‘बाष्पीभवन’ असा शब्द आला. आमच्या वस्तीत एक समाजभवन होते. त्याच्या दारावर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेले असे. गावातही दोन-तीन भवने होती. त्यामुळे बाष्पीभवन ही मुंबईत किंवा पुण्यात असलेली एखादी इमारत असावी आणि तिथे शास्त्रज्ञ लोक वाफ ठेवत असावेत, अशी माझी पक्की समजूत झाली. परीक्षेत ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ हा प्रश्न आला. मी व्याख्या पाठ केलेली होती, ती जशीच्या तशी लिहिली. दोनपैकी दोन गुण मिळाले. माझे काहीच समजलेले नाही हे ना गुरुजींना कळले, ना मला.

आणि मित्रहो, त्याच वेळी माझी आई पत्र्यावर कुरडया वाळत घालत होती. वारा असला की धुणे लवकर वाळते, आभाळ भरून आले की वाळत नाही, पातेले पसरट असले की पाणी लवकर आटते, हे सगळे तिला माहीत होते. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला बाष्पीभवन कळत होते आणि दोन गुण मिळवणाऱ्या तिच्या मुलाला कळत नव्हते! घरात विज्ञान होते आणि शाळेत शब्द होता. दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही.

पुढे व्हायचे तेच झाले. दहावीला विज्ञानात मी काठावर पास झालो. ‘आपल्या डोक्याला विज्ञान झेपत नाही’ असे घरातल्यांनी ठरवले, शाळेने ठरवले आणि सर्वांत वाईट म्हणजे मीही ठरवले. कला शाखेचा मला पश्चात्ताप नाही. तिने मला इतिहास दिला, वाचनाची गोडी दिली, नोकरी दिली. परंतु खरे सांगायचे तर ती मी निवडली नव्हती. ती उरली होती. ‘बाष्प’ म्हणजे वाफ आणि ‘भवन’ म्हणजे होणे, हे मला कळले तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि शब्दकोश भलत्याच कामासाठी उघडला होता.

आज येथे ज्यांचा गौरव होत आहे त्यांच्यामागे माझ्यासारखी किती मुले गप्प बसून आहेत, हा प्रश्न मला सतावतो. म्हणून आजचा विषय मी निवडला : प्राथमिक वर्गात विज्ञान आणि वाचन हे एकत्र शिकवले पाहिजे.

वाचता येणे म्हणजे काय?

बँकेच्या काउंटरवर बसून माणसे वाचायला शिकता येते. आमच्याकडे आसपासच्या खेड्यांतले पुष्कळ खातेदार येतात. एकदा एका आजोबांबरोबर त्यांचा सहावीतला नातू आला होता. पैसे काढण्याची स्लिप त्याने मोठ्याने, न अडखळता, एकदम छान वाचून दाखवली. आजोबांची छाती फुगली. मग त्याने स्लिप भरून दिली. ‘रक्कम अक्षरी’ असे जिथे छापलेले होते त्याच्यापुढे त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘अक्षरी’.

आम्ही हसलो. पण घरी जाताना मला हसू येईना. त्या मुलाने चूक कुठे केली? अक्षरे त्याला येत होती. त्या अक्षरांच्या मागे काय आहे, हे विचारण्याची सवय त्याला कोणी लावलेली नव्हती.

हीच गोष्ट अधिक गंभीर कशी होते पाहा. आपल्या जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांत फवारणी करणारे किती लोक आपल्या नात्यागोत्यातले आहेत! औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोबत बारीक अक्षरातले माहितीपत्रक असते. पाण्यात किती मिसळायचे, फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचे नाही, अंगावर उडाले तर काय करायचे, हे सगळे त्यात असते. ते पत्रक कळण्यासाठी वाचन लागते आणि विज्ञानही लागते. एक असून दुसरे नसेल तर उपयोग नाही. हगवणीवर देतात ते क्षार-साखरेचे पुडके घ्या. मोठे पुडके एक लिटर पाण्यात घालायचे असते. ते एका पेल्यात कालवून पाजले तर बाळाला फायद्याऐवजी अपाय होतो. ‘एक लिटर’ वाचता येणे आणि एक लिटर म्हणजे किती हे डोळ्यांपुढे येणे, या दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. जगण्याने वाचन आणि विज्ञान कधीच वेगळे केलेले नाही. ते वेगळे केले शाळेच्या वेळापत्रकाने.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन व हिशेब यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली होती. आणि मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिशेबच मांडला होता. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी सांगितले. शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि पुढे जन्मभर साक्षर राहिले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी स्पष्ट केला. त्यातला ‘जन्मभर’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आज मुले शाळेत येतात, चौथीच्या पुढेही जातात. तरीही २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे हजेरीचा प्रश्न बराच सुटला, समजण्याचा सुटला नाही.

मुंबईत झालेला एक प्रयोग

मला वाटत होते की हा माझा एकट्याचा किस्सा असेल. मग वाचनात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे काम आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये हे केंद्र सुरू केले आणि त्याचे पहिले संचालक होते प्रा. वि. गो. कुलकर्णी. भौतिकशास्त्राचा हा माणूस प्रयोगशाळा सोडून महापालिकेच्या शाळांमध्ये जाऊन बसू लागला. केंद्राचे सुरुवातीचे एक काम तर आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये झाले.

गरिबाच्या मुलाला विज्ञान का येत नाही, हा प्रश्न या मंडळींनी घेतला. साधने नाहीत, घरी अभ्यासाला जागा नाही, ही कारणे सर्वांना माहीत होती. त्यांनी आणखी एक कारण शोधून काढले : भाषा. पाठ्यपुस्तकाची मराठी आणि मुलाच्या घरची मराठी यांत इतके अंतर होते की मुलाची सारी शक्ती वाक्य फोडण्यातच खर्च होत होती, आणि विज्ञानापर्यंत ते पोहोचतच नव्हते. मग त्यांनी तेच धडे, तोच आशय ठेवून, सोप्या भाषेत पुन्हा लिहिले. ज्या मुलांना हा सोपा मजकूर मिळाला ती नेहमीच्या पुस्तकावर शिकणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी १९८१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढे याच केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शनाचा उपक्रम चालवला. भाषेवर, वाचण्यावर, प्रश्न विचारण्यावर भर दिला. या मुलांचे शालान्त परीक्षेचे निकाल स्पष्टपणे सुधारले. बुद्धी नव्हती आणि मग आली, असे काही झाले नाही. बुद्धी होतीच, तिच्या आणि पुस्तकाच्या मधली भिंत थोडी खाली आली. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या डोक्याला विज्ञान झेपत नाही, हे वीस-पंचवीस वर्षे धरून ठेवलेले मत एका संध्याकाळी सोडून द्यावे लागले.

याचा अर्थ परिभाषा फेकून द्यावी असा नाही, हे मात्र ठासून सांगितले पाहिजे. कायम ‘पाणी उडून जातं’ एवढ्यावरच आपल्या मुलांना ठेवले तर त्यांची पुढची वाट आपणच बंद करू. बाष्पीभवन हा शब्द त्याला आलाच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की तो कधी यावा आणि कशाच्या खांद्यावर बसून यावा.

माहिती असेल तर वाचन येते

उलट बाजूही आहे. विज्ञानासाठी वाचन लागते हे सहज पटते. पण वाचनासाठी विज्ञान लागते, हे पटवून द्यावे लागते. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोन अभ्यासकांनी एक साधी तपासणी केली. सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना खेळ चांगला माहीत होता, काहींना नव्हता. तर वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले ही वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवा, म्हणजे लगेच पटेल. ‘फाइन लेगला झेल’ हे ज्याला मैदानावर दिसते, त्याला ते कागदावरही दिसते.

म्हणजे वाचन हे नुसते यंत्र नाही की एकदा फिरवायला शिकवले की कोणतेही धान्य दळून निघेल. जगाची माहिती जितकी जास्त, तितके वाचन खोल. फ्लोरिडा राज्यात रोमान्स आणि विटाली यांनी चौथीच्या वर्गात वाचनाचा वेगळा तास काढून टाकला आणि रोज दोन तास विज्ञान ठेवले. त्यातच वाचणे, त्यातच लिहिणे. १९९२ मध्ये त्यांनी सांगितले की ही मुले विज्ञानात तर पुढे गेलीच, पण वाचनातही पुढे गेली.

आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर मध्य प्रदेशातील होशंगाबादचे आहे. १९७२ मध्ये सोळा शाळांमधून सुरू झालेला तो विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत गेला आणि २००२ मध्ये शासनाने बंद केला. त्यांच्या पुस्तकात तयार उत्तरे नसत. मुलाने सूचना वाचायच्या, तसा प्रयोग करायचा आणि जे दिसले ते आपल्या शब्दांत वहीत लिहायचे. बारकाईने पाहिले तर हा वाचनाचाच उत्तम तास आहे. सूचना नीट वाचली नाही तर प्रयोग फसतो, आणि चूक काढायला गुरुजी लागत नाहीत. बशीतले पाणीच चूक काढते.

आपल्याकडे तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे आणि पहिली-दुसरीत तो भाषेतच मिसळलेला आहे. तेव्हा सांगड घालायला जागा आहे. २०२१ पासून निपुण भारत अभियान आले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. फार चांगले. पण व्यवहारात काय होते? मिनिटाला किती शब्द वाचले याची मोजणी सुरू होते, आणि ‘आधी वाचन पक्के होऊ द्या’ म्हणून परिसर अभ्यास मागे पडतो. ‘समजून’ हा शब्द कागदावर राहतो. २०२३-२४ मध्ये राज्यात सगळे विषय एका पुस्तकात घालून त्याचे भाग केले, मध्ये कोरी पाने जोडली. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता. ती कोरी पाने २०२५ मध्ये काढून टाकण्याचा निर्णय झाला. मला एवढेच म्हणायचे आहे की दोन विषय एका बांधणीत आले म्हणजे ते मुलाच्या डोक्यात एकत्र आले असे होत नाही. डोक्यातली बांधणी शिकवणाऱ्याला करावी लागते.

आमचा रविवारचा वर्ग

आता जरा आमच्या हातून काय घडले ते सांगतो. त्यात फुशारकी मारण्यासारखे फार नाही. आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी वस्तीतल्या सभागृहात तिसरी ते पाचवीच्या मुलांचा वर्ग घेतो. पहिल्या वर्षी आम्ही एका रविवारी वाचन आणि दुसऱ्या रविवारी विज्ञान असे ठरवले. वाचनाच्या रविवारी मुले ओरडून धडा वाचायची. विज्ञानाच्या रविवारी आम्ही जादूचे प्रयोग करायचो : पेल्यावर कागद ठेवून पेला उलटा, मेणबत्तीवर ग्लास. टाळ्या पडायच्या. मे महिन्यात मी विचारले, ‘वर्षभर काय पाहिलंत ते दोन ओळींत लिहा.’ एकाने लिहिले, ‘सरांनी जादू केली.’ बाकीच्यांनी तेवढेही लिहिले नाही. माझा चेहरा उतरला. मी माझ्या गुरुजींचीच चूक वेगळ्या पद्धतीने करत होतो. त्यांच्याकडे वस्तूशिवाय शब्द होता, माझ्याकडे शब्दाशिवाय वस्तू.

दुसऱ्या वर्षी आम्ही पाटीपासून सुरुवात केली. प्रत्येकाने ओल्या बोटाने पाटीवर आपले नाव लिहायचे. अर्ध्या पाट्या उन्हात, अर्ध्या सावलीत. नाव कुणाचे आधी जाते ते पाहायचे. मुले आपल्या नावाकडे डोळे लावून बसली. मग विचारले, काय झाले? ‘वाळलं’, ‘आटलं’, ‘उडालं’, ‘उन्हानं पिलं’. आम्ही एकही उत्तर चूक म्हटले नाही. सगळे शब्द फळ्यावर लिहिले. मग मुलांनीच सांगितलेली पाच-सहा वाक्ये त्यांच्याच बोलीत फळ्यावर उतरवली आणि तीच सर्वांनी वाचली. जे मूल पुस्तक वाचताना अडखळायचे ते इथे अडखळले नाही, कारण पुढे काय लिहिलेले असणार हे त्याला ठाऊक होते. ते त्यानेच पाहिले होते. त्यानंतर, अगदी शेवटी, मी सांगितले की या ‘वाळलं, आटलं, उडालं’ला मोठ्या शाळेत एक नाव आहे. बाष्प म्हणजे वाफ, भवन म्हणजे होणे. आणि माझी इमारतीची गोष्टही सांगितली. मुले पोट धरून हसली. ज्या शब्दावर हसलो तो शब्द कोणी विसरत नाही. पुढच्या रविवारी पुस्तकातला धडा उघडला, तेव्हा मुले त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावे तशी पाहत होती.

या सगळ्यातून जो क्रम सापडला तो असा : आधी पाहा, मग बोला, मग आपले बोलणे लिहा, ते वाचा, मग नाव शिका आणि शेवटी पुस्तक वाचा. शाळेत बहुतेक वेळा हा क्रम उलटा असतो. आधी पुस्तक, मग व्याख्या, आणि पाहण्यापर्यंत पाळी येतच नाही. होमी भाभा केंद्रातील जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी केलेल्या ‘स्मॉल सायन्स’ पुस्तकांतही मुलाने स्वतः पाहणे, चित्र काढणे आणि आपल्या शब्दांत मांडणे यांवर असाच भर आहे. म्हणजे आम्ही काही नवीन शोधले नाही. पण आपल्या हाताने सापडलेली वाट पायांना लक्षात राहते.

लेण्यांतले पाणी

हिवाळ्यात आम्ही मुलांना पांडवलेण्यांवर नेले. आपल्यापैकी बहुतेक जण तिथे जातो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. या वेळी मुलांच्या हातात वही होती. तिथे कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखात त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि लेण्याला ‘लेण’. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द आणि आपण आजही लेणीच म्हणतो, हे ऐकून मुलांना मोठी मौज वाटली.

मी विचारले, ‘पावसाळ्यातले पाणी इथे कसे टिकते?’ थोडा वेळ कोणी बोलेना. मग चौथीतली एक मुलगी, जिला पहिल्या वर्षी नाव विचारले तरी रडू यायचे, ती म्हणाली, ‘सर, दगड काळा आणि घट्ट आहे म्हणून झिरपत नाही. आणि टाकं आत सावलीत आहे. सावलीतली पाटी उशिरा वाळली होती ना? म्हणून बाष्पीभवन कमी.’

मित्रहो, तो शब्द तिने पाठ करून म्हटला नव्हता. तिने तो वापरला. मी पाचवीत जे हरवले होते ते तिला चौथीत सापडले. मी तोंड फिरवून नाशिककडे पाहत उभा राहिलो, कारण मुलांसमोर डोळे पुसणे बरे दिसले नसते.

तिथेच दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. बँकेचा माणूस म्हणून तो मला विशेष आवडतो. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले : दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यायचे होते. मुलांनी तिथेच बसून हिशेब केला. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू, बारा-बारा, तेही दोनशे चाळीस. जुळले! दगडावरचा हिशेब आजही चुकत नाही म्हणून मुलांनी आरडाओरडा केला. वाचन, गणित, इतिहास आणि खडकाचे विज्ञान, सगळे एका कातळावर होते. तिथे कोणताही तास संपल्याची घंटा झाली नाही.

काही शंका

दोन-तीन शंका नेहमी येतात. पहिली, ज्याला अक्षरओळखच नाही त्याला विज्ञानातून वाचन कसे येणार? शंका रास्त आहे. अक्षरे, काने, मात्रा, जोडाक्षरे हे रोज बसून शिकवावेच लागते. त्याला पर्याय नाही. विज्ञान त्याची जागा घेत नाही, ते त्याला वाचण्याचे कारण देते.

दुसरी, साहित्य कुठून आणायचे? पाटी, पेला, माती, मोड आलेले मूग, गंजलेला खिळा, शिळ्या भाकरीवरची बुरशी. यादी केली तर आपल्या स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा निघते.

तिसरी शंका पालकांची : आता तर सेमी इंग्रजी आहे, मराठीतून हे करून काय उपयोग? इंग्रजी हवीच, यात वाद नाही. पण विज्ञान इंग्रजीतून आले की भिंत एकाच्या जागी दोन विटांची होते. ‘इव्हॅपोरेशन’ पाठ करणारे मूल हे बाष्पीभवन पाठ करणाऱ्या माझ्यापेक्षा वेगळे नाही. ज्याने पाटी वाळताना पाहिली आणि आईच्या भाषेत सांगितली, त्याला दोन्ही शब्द पेलतील.

आपण काय करू शकतो?

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, आपल्या वाचनालयात कथा-चरित्रांच्या शेजारी मुलांसाठी विज्ञानाच्या सोप्या मराठी पुस्तकांचे एक वेगळे कपाट असावे आणि ते कुलूपबंद नसावे. दोन, महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून दोन रविवार द्यावेत. विज्ञान शाखेच्या एकाने आणि कला शाखेच्या एकाने जोडीने वर्ग घ्यावा. एकाला प्रयोग माहीत असतो, दुसऱ्याला शब्द. तीन, प्रत्येक मुलाला एक साधी वही द्यावी. तिच्यावर ‘मी पाहिले’ एवढेच लिहावे. आठवड्याला तीन ओळी. शुद्धलेखनाला लाल शाई नको. नीट पाहिले का, एवढेच तपासावे. पुढच्या वर्षीच्या गुणगौरवात टक्केवारीच्या बक्षिसांबरोबर अशा एका वहीलाही बक्षीस असावे. त्या बक्षिसाची रक्कम मी माझ्या पगारातून देईन, हे येथे जाहीर करतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच सांगतो. पुस्तकात एखादा शब्द कळला नाही तर तो तुमचा दोष समजू नका आणि पाठ करून पुढेही जाऊ नका. हात वर करा आणि विचारा, ‘सर, हे कुठे दिसेल?’ मी हा प्रश्न पाचवीत विचारला असता तर फार तर वर्ग हसला असता. न विचारल्याची किंमत मात्र मी पुढे कितीतरी वर्षे भरली.

जय भीम.